बचाव शिकवायचाय? आधी हे वाचा

प्रश्न : मी कॉलेजच्या फुटबॉल संघात स्टॉपर (मधला बचावपटू) खेळलो. आता कॉलेजातच बचावाचा प्रशिक्षक व्हायचंय. सुरुवात कुठून करू?
– वाचक, साखळी

उत्तर : आपल्याकडे कॉलेजात फक्त बचावासाठी वेगळा प्रशिक्षक सहसा नेमत नाहीत. गोलरक्षकापासून स्ट्रायकरपर्यंत सगळं एकाच माणसाकडे असतं. तेव्हा आधी प्रशिक्षक व्हा, बचावात हात बसवायचं काम सोबत चालू ठेवा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे प्रशिक्षक-परवाने डी, सी, बी, ए, प्रो या क्रमाने मिळवायचे असतात. डीसाठी वयाची 18 वर्षं पूर्ण हवीत. गोवा फुटबॉल असोसिएशनच्या सूचनांवर नजर ठेवा.

कायमची नोकरी हवी असेल तर मात्र वाट वेगळी आहे. कॉलेजच्या शारीरिक शिक्षण संचालकपदाला त्या विषयातली पदव्युत्तर पदवी किमान 55 टक्क्यांनी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, नाहीतर यूजीसीच्या नियमांप्रमाणे केलेली पीएच.डी. लागते. नुसत्या परवान्यावर हे पद मिळत नाही, हे बऱ्याच मुलांना फार उशिरा कळतं.

प्रश्न : आमचे चारही बचावपटू चपळ आहेत, तरी पाठीमागे टाकलेल्या चेंडूवर गोल बसतो.
– वाचक, पेडणे

उत्तर : चपळाईचा प्रश्न नाही, चौघांमधल्या अंतराचा आहे. शेजारच्या दोघांत 8 ते 10 मीटर ठेवा. चेंडू उजव्या बाजूला गेला की डावा बॅकही आत सरकला पाहिजे.

चौघांची ओळ पुढे न्यायची की मागे, हे चेंडू ज्याच्या पायात आहे त्याच्याकडे बघून ठरवा. त्याच्यावर दबाव असेल, त्याची पाठ आपल्याकडे असेल किंवा त्याने मागे पास दिला असेल, तर चौघंही पुढे. तो मोकळा असेल आणि मान वर करून बघत असेल, तर पास सुटायच्या आधीच मागे. पास सुटल्यावर वळलेला बॅक कितीही पळाला तरी मागेच राहतो.

सरावाला 40 मीटर रुंद, 30 मीटर लांब पट्टा आखा. चौघांसमोर सहा जण ठेवा. 3 मिनिटांचे पाच डाव, मध्ये दीड मिनिट विश्रांती. पहिल्या दोन डावांत सहा जणांनी फक्त पास द्यायचे, चौघांनी फक्त सरकायचं, चेंडू हिसकावायचा नाही. चूक दिसली की शिट्टी मारा, सगळ्यांना जागच्या जागी उभं करा आणि अंतर पावलांनी मोजून दाखवा.

सगळ्यात जास्त चुकतो तो चेंडूपासून लांबचा बॅक. आपल्याकडे काही येत नाही असं धरून तो दोन पावलं मागे रेंगाळतो आणि तिघांनी लावलेला ऑफसाइड (पास सुटताना आक्रमक ओळीच्या मागे सापडणं) एकटा मोडतो. बाजूरेषेवरून खेळ बघताना हे निसटतं, म्हणून मोबाइल गोलच्या मागे उंचावर लावून चित्रण करा.

पावसात ओळ चार-पाच मीटर मागे ठेवा. ओल्या गवतावर चेंडू सरसर घसरतो, डबक्यात पडला की तिथेच मरतो, आणि चिखलात वळायला बचावपटूला जास्त वेळ लागतो. गोलरक्षकाला जमिनीवरून पास द्यायचा तर वाटेत पाणी नाही ना, ते आधी बघायला शिकवा.

प्रश्न : पुतण्या अमेरिकेत शिकतो. तिथे कॉलेज फुटबॉलमध्ये बचावाचा प्रशिक्षक मोठा माणूस असतो म्हणे?
– वाचक, मडगाव

उत्तर : असतो, पण तो खेळ वेगळा, अमेरिकन फुटबॉल. तिथे आक्रमणाचे 11 आणि बचावाचे 11 खेळाडू वेगळे असतात, म्हणून प्रशिक्षकही वेगळे. नवखा माणूस ग्रॅज्युएट असिस्टंट (शिकता शिकता काम करणारा मदतनीस) म्हणून लागतो, पुढे बचावातल्या एका जागेच्या खेळाडूंना शिकवतो, मग पूर्ण बचावाचा कोऑर्डिनेटर आणि जमलं तर मुख्य प्रशिक्षक होतो. तिथला नावाजलेला प्रशिक्षक निक सेबन 1973 मध्ये केंट स्टेट विद्यापीठात असाच असिस्टंट लागला. त्याचा खास विषय म्हणजे बचावाची शेवटची फळी. अलाबामा विद्यापीठाला त्याने मुख्य प्रशिक्षक म्हणून 2009 ते 2020 या काळात सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. पुतण्याला या वाटेने जायचं असेल तर शिकत असतानाच विद्यापीठाच्या संघाकडे सामन्यांचं चित्रण कापून देण्याचं काम मागू दे. प्रतिस्पर्धी कुठल्या स्थितीत कुठली चाल खेळतो, ते तिथे रोज नोंदवावं लागतं, आणि कोऑर्डिनेटरचा आठवडा त्याच नोंदींवर आखला जातो.