टपाल खात्याच्या पगारावरचा अनुबोधपटकार

सरकारी फिल्म युनिटमध्ये नोकरी करून दुसऱ्या महायुद्धात युद्धप्रचाराचे पट काढणाऱ्या हम्फ्री जेनिंग्ज या ब्रिटिश अनुबोधपटकाराला कलावंत का म्हणावे, असे आपण विचारले आहे. प्रश्न रास्त आहे, कारण प्रचार हेच त्याचे नेमून दिलेले काम होते आणि ते त्याने कधी नाकारले नाही.

केंब्रिजमध्ये इंग्रजी साहित्य शिकलेला, चित्रे काढणारा हा माणूस 1934 मध्ये ब्रिटिश टपाल खात्याच्या फिल्म युनिटमध्ये दाखल झाला. टपाल खात्याला फिल्म युनिट कशाला, असे वाटेल. साम्राज्यातील मालाचा प्रचार करणारे एम्पायर मार्केटिंग बोर्ड हे सरकारी मंडळ 1933 मध्ये बंद झाल्यावर, तिथल्या फिल्म युनिटचा प्रमुख जॉन ग्रिअर्सन याने आपली माणसे तिकडे हलवली होती. ग्रिअर्सनच्या समाजशिक्षणाच्या शिस्तीत जेनिंग्ज फारसा रमला नाही. पुढे ग्रिअर्सननंतर युनिट सांभाळणाऱ्या काव्हाल्कान्ती या ब्राझिलियन दिग्दर्शकाच्या हाताखाली त्याला मोकळीक मिळाली. 1940 मध्ये युनिट माहिती मंत्रालयाकडे जाऊन 'क्राउन फिल्म युनिट' झाले, आणि जेनिंग्जचे उत्तम काम याच सरकारी छत्राखाली झाले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

'लिसन टू ब्रिटन' (1942) हा सुमारे वीस मिनिटांचा पट पाहा. त्यात निवेदक नाही. कारखान्याच्या कँटीनमध्ये कामगार जेवत असताना फ्लॅनगन आणि ॲलन ही विनोदी जोडी गाते. ते गाणे सरते न सरते तोच मोझार्टचा वाद्यवृंद सुरू होतो आणि आपण लंडनच्या नॅशनल गॅलरी या चित्रसंग्रहालयात पोहोचतो, जिथे मायरा हेस पियानो वाजवत आहे, श्रोत्यांत राणी बसली आहे आणि चित्रे सुरक्षित जागी हलवलेली असल्यामुळे चौकटी रिकाम्या आहेत. वर्गभेदाने पोखरलेल्या त्या समाजाची एकजूट कोणीही तोंडाने सांगत नाही. दोन दृश्यांच्या एका सांध्यातून ती कानांवर येते. हे श्रेय एकट्या जेनिंग्जचे नव्हे. संकलक स्ट्युअर्ट मॅकॲलिस्टरचे नाव त्याच्या बरोबरीने पडद्यावर आहे, आणि ते उपचार म्हणून दिलेले नाही.

अडचणी अर्थात होत्या. ग्रिअर्सनच्याच परंपरेतल्या एडगर ॲन्स्टीने या पटावर कडाडून टीका केली. 'फायर्स वर स्टार्टेड' (1943) मध्ये खऱ्या अग्निशामक जवानांनी आपापलीच कामे पडद्यावर केली. वितरकांच्या आग्रहाखातर त्याची लांबी मात्र कमी करावी लागली.

युद्धानंतर त्याला तसा विषय पुन्हा गवसला नाही, असे माझे मत. 1950 मध्ये चित्रीकरणाच्या जागा पाहताना ग्रीसमधील पोरोस बेटावर कड्यावरून पडून तो गेला, तेव्हा तो 43 वर्षांचा होता. क्राउन युनिट 1952 मध्ये सरकारने बंद केले.

'लिसन टू ब्रिटन' पाहताना एक काळजी घ्या. परदेशी प्रेक्षकांना हा पट कळणार नाही या धास्तीने काही प्रतींना लिओनार्ड ब्रॉकिंग्टन या कॅनेडियन गृहस्थाचे भाषण आरंभी जोडलेले आहे. ते वगळून थेट पटच सुरू करा.