‘फसीशस’ ही शाबासकी नव्हे

प्रश्न : मी इंग्रजीत लेखन करते. माझ्या एका निबंधावर परीक्षकांनी ‘काही ठिकाणी सूर फसीशस आहे’ असा शेरा दिला. शब्दकोशात ‘विनोदी, गमत्या’ असे अर्थ मिळाले, म्हणून मी तो शेरा स्तुती समजले. पण मिळालेले गुण पाहता ती स्तुती नसावी. ह्यूमरस, विटी, जॉक्युलर, प्लेफुल, फसीशस या सगळ्यांना मराठीत ‘विनोदी’च म्हणायचे असेल, तर त्यांतला फरक ओळखायचा कसा?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, तो शेरा स्तुतीचा नाही. जिथे गांभीर्य अपेक्षित होते तिथे आपण विनोद केला आणि तो वाचणाऱ्याला रुचला नाही, एवढे सगळे इंग्रजी लेखक या एका शब्दात सांगतो. गंमत अशी की ज्या लॅटिन शब्दापासून ‘फसीशस’ आला त्याचा अर्थ ‘डौलदार, रसिक, चतुर’ असा होता, आणि सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या इंग्रजीतही एखाद्याला फसीशस म्हणणे हा त्याच्या सुसंस्कृत बोलण्याचा गौरवच होता. पुढे शब्द घसरला. जुन्या कोशांतून अर्थ उचलणारे आपले इंग्रजी-मराठी कोश मात्र त्याच्याबरोबर खाली उतरले नाहीत, आणि आपली फसगत झाली ती तिथे. मराठीत त्याला एक शब्द नाही. ‘अस्थानी विनोद’ किंवा ‘नको तिथे थट्टा’ असेच म्हणावे लागेल. (ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये याच क्रमाने येतात, ही त्याची एक निरुपद्रवी करामत.)

या शब्दांतला फरक हसू किती येते यावर ठरत नाही. विनोद कोणावर आहे, कोणासाठी आहे आणि शब्द वापरणाऱ्याचे त्याबद्दलचे मत काय, यावर तो ठरतो. ‘जॉक्युलर’ म्हणणारा माणूस समोरच्याच्या थट्टेखोर स्वभावाची किंवा सुराची केवळ नोंद करतो. तोच सूर ‘फसीशस’ ठरवला की तो निकाल देतो.

‘विट’ आणि ‘ह्यूमर’ यांचा भेद त्यांच्या मुळांतच आहे. ‘विट’ हा ‘जाणणे’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी धातूपासून आला असून संस्कृतातला ‘विद्’ आणि त्यापासून झालेला ‘वेद’ हे त्याचे दूरचे भाऊबंद आहेत. मूळ अर्थ बुद्धी. म्हणून आजही ‘क्विक-विटेड’ माणूस हसवेलच असे नाही, तो फक्त चलाख असतो. ‘विटी’ला मराठीत ‘विनोदी’ म्हणणे म्हणजे त्यातली बुद्धी काढून घेणे. ‘हजरजबाबी’, ‘चतुर’ आणि क्वचित ‘मार्मिक’ हे शब्द अधिक जवळचे आहेत.

‘ह्यूमर’ म्हणजे मुळात ओलावा, द्रव. रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त या चार द्रवांच्या प्रमाणावर माणसाचा स्वभाव ठरतो असे जुने युरोपीय वैद्यक मानत असे. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये, कारण आपलेही ‘पित्त खवळते’. द्रवावरून हा शब्द स्वभावाकडे गेला, मग एकच द्रव अती झालेल्या एककल्ली माणसाकडे, आणि शेवटी अशा माणसातली गंमत ओळखण्याच्या शक्तीकडे. बेन जॉन्सनचे ‘एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर’ हे नाटक 1598 मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा शीर्षकातल्या ‘ह्यूमर’चा अर्थ विनोद नव्हता, प्रत्येकाचा स्वभावदोष हा होता. माणसाच्या स्वभावाकडे काहीशा आपुलकीने पाहणे ही छटा त्या शब्दात आजही टिकून आहे.

इंग्रजी कोशकार एच. डब्ल्यू. फाउलर यांनी 1926 च्या आपल्या इंग्रजी वापरकोशात अशा शब्दांचा एक तक्ताच दिला आहे, आणि मला तो अजूनही कामाचा वाटतो. त्यांच्या मते ह्यूमरचा विषय मानवी स्वभाव असून त्याचा श्रोता सहानुभूतीने ऐकणारा असतो; विटचा विषय शब्द आणि कल्पना, साधन आश्चर्याचा धक्का आणि श्रोता बुद्धिमान. सरकॅझमचा हेतू दुखावणे हाच असतो, आणि त्याला बळी व बघे दोघेही लागतात. आयरनीचा श्रोता म्हणजे आतली खूण कळणारे मोजके लोक. मराठीत आपण शेवटच्या दोहोंना सर्रास ‘उपरोध’ म्हणून मोकळे होतो. सरकॅझमचे ग्रीक मूळ मांस फाडण्याशी निगडित आहे. ‘लचका तोडणे’ हा आपला वाक्प्रचार त्याच्याशी चांगला जुळतो, आणि रोजच्या बोलण्यात ‘टोमणा’ पुरतो. आयरनीसाठी मात्र उपरोधाबरोबरच ‘व्याजोक्ती’सारखा अलंकारशास्त्रातला शब्द हाताशी ठेवावा.

‘प्लेफुल’मध्ये बळीच नसतो. मांजरीचे पिल्लू प्लेफुल असते, एखादे वाक्य असते, रेषाही असते. इथे ‘खेळकर’ हा शब्द अगदी नेमका बसतो. ‘टीज’ करण्यात समोर कोणीतरी लागते. तो शब्द मुळात लोकर पिंजण्याचा आहे, आणि पिंजण्याचे काम हलक्या हाताने होते तसे निर्दयपणेही होते. म्हणून तिथे ‘थट्टा’ लिहायचे की ‘छळ’, हे संदर्भच सांगतो. ‘बँटर’ ही दोघांत चालते. एकालाच बोलता येत असेल तर ती बँटर नव्हे. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’चा लेखक जोनाथन स्विफ्ट याला हा शब्द इतका खटकत असे की 1710 मध्ये त्याने भाषा बिघडवणाऱ्या शब्दांत त्याची गणना केली. आज ‘थट्टामस्करी’ या अर्थाने तो निमूटपणे नांदतो आहे.

प्रश्न : ‘व्हिम्जिकल’ म्हणजे ‘लहरी’ आणि ‘मिस्चिव्हस’ म्हणजे ‘खोडकर’ हे मी शिकवत आलो आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर : पहिले बहुतेक वेळा चूक आहे. लहरी राजा क्षणात बक्षीस देतो आणि क्षणात शिक्षा. त्याची भीती वाटते. त्याला इंग्रजीत ‘कप्रिशस’ म्हणणे जास्त नेमके. व्हिम्जिकल चित्रात मासा छत्री घेऊन फिरायला निघतो. तिथे कोणी घाबरत नाही. ‘अद्भुत आणि गमतीशीर’ असे दोन शब्द वापरावे, किंवा तो अर्थ वाक्यभर पसरू द्यावा.

दुसरे अर्धे बरोबर आहे. मूळ फ्रेंच शब्द आपत्तीचा होता, आणि कायद्याच्या इंग्रजीत ‘मिस्चीफ’ म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान, हा अर्थ आजही चालतो. मूल मिस्चिव्हस असेल तर ते ‘खोडकर’ किंवा ‘खट्याळ’. पण अफवा मिस्चिव्हस असेल तर ती ‘खोडसाळ’. हे दोन शब्द मराठीने इतके स्पष्ट वेगळे ठेवले आहेत की इंग्रजीला हेवा वाटावा. ‘मिश्कील’ हसण्याला इंग्रजीत पुष्कळदा ‘आर्च’ म्हणतात, मात्र ‘मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे’ हा त्यातला तोरा आपल्या मिश्कील माणसात नसतो.

प्रश्न : माझ्या ‘जोव्हियल’ स्वभावाचे कौतुक झाले, पण मी विनोद कधीच करत नाही. मग हा शब्द कसा लागू पडला?

उत्तर : तो नीट लागू पडतो. हा शब्द जोव्ह, म्हणजे ज्युपिटर, या देवाच्या नावावरून आला आणि त्याच नावाचा ग्रह म्हणजे आपला गुरू. त्या ग्रहाखाली जन्मलेला माणूस प्रसन्न आणि मनमोकळा असतो अशी समजूत होती. त्याने हसवलेच पाहिजे अशी अट नाही. त्याच्या उलट ‘सॅटर्नाइन’, म्हणजे उदास आणि गंभीर. तो शब्द आला शनीवरून.

प्रश्न : ‘मिस्चिव्हस’चा उच्चार ‘मिस्चीव्हियस’ करावा का?

उत्तर : बोलण्यात तो पुष्कळ ऐकू येतो, पण प्रमाण उच्चार तीन अवयवांचा आणि पहिल्यावर आघात असलेला आहे. स्पेलिंगमध्येही ‘व्ही’नंतर जास्तीचा ‘आय’ घालू नये.