१९८४ साली आमच्या ग्वाल्हेरात जग कसं पोचत होतं

तुम्ही विचारलंय की १९८४ सालात देशात आणि जगात एवढ्या उलथापालथी झाल्या, तर साध्या घरातल्या माणसांच्या रोजच्या जगण्यात त्या किती शिरत होत्या. मी तेव्हा नववीत होतो. घर ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात, जनकगंजला. वडील एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयात. त्या भांडवलावर जेवढं सांगता येईल तेवढं सांगतो.

आमच्याकडे बातमीचं वजन ठरायचं ते तिथे आपलं कोण आहे यावरून. रेगन पुन्हा निवडून आला, हाँगकाँग चीनला परत द्यायचं ठरलं, हे वडील वाचून दाखवायचे आणि आजी म्हणायची, "बरं, भाजी काय आणायची?" इथिओपियाच्या दुष्काळाचे फोटो पाहून मात्र ती गप्प झाली होती, ते आठवतं.

टीव्ही आमच्याकडे नव्हता. फोन कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात. पत्र म्हणजे १५ पैशांचं पोस्टकार्ड, आणि तार आली की वाचायच्या आधीच घरातल्या बायकांचा धीर सुटायचा. नळ पहाटे, रॉकेल रेशनकार्डावर, उन्हाळ्यात सगळी झोप गच्चीवर. हिंदी वर्तमानपत्र सकाळी यायचं. आजोबांचं मराठी वर्तमानपत्र टपालाने, चांगलं शिळं होऊन, पण खरं काय ते त्यातच असतं असा त्यांचा समज. त्याच्या खालोखाल आकाशवाणी. पुण्याचे नातेवाईक आले की दोनच गोष्टी विचारायचे: गजक (तिळाची मिठाई) कुठली चांगली, आणि फूलनदेवी खरंच तुमच्या इथल्या जेलात आहे का. होती. आदल्या वर्षीच भिंडला तिने शस्त्रं खाली ठेवली होती.

एप्रिलमध्ये राकेश शर्मा अवकाशात गेले. आमच्या वर्गात महाराजपुऱ्याच्या एअरफोर्स वसाहतीतली पोरं होती. शर्मा हवाई दलाचे स्क्वॉड्रन लीडर, म्हणून त्या आठवड्यात त्या पोरांचा भाव असा वधारला की विचारू नका. पुढच्या महिन्यात बचेंद्री पाल एव्हरेस्टवर पोचल्या, तर आमच्या पीटीच्या सरांनी सगळ्या वर्गाला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. संबंध काय, ते त्यांनाच ठाऊक.

जुलै-ऑगस्टमधलं लॉस एंजेलिस ऑलिंपिक बहुतेकांना पी. टी. उषामुळे आठवतं: ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिचं ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याने हुकलं. ग्वाल्हेरात मात्र म्हाताऱ्यांच्या बैठकीत विषय वेगळाच. याच लॉस एंजेलिसमध्ये १९३२ साली भारताने अमेरिकेला हॉकीत २४-१ असं धुतलं होतं आणि त्यातले १० गोल रूपसिंगांचे. ध्यानचंदांचे हे धाकटे भाऊ ग्वाल्हेरचेच होऊन राहिले होते. आजोबांनी त्यांना खेळताना पाहिलेलं. चौऱ्याऐंशीत आपली हॉकी पाचवी आली तेव्हा आजोबांना उषापेक्षा ते जास्त लागलं.

जूनमध्ये सुवर्णमंदिरात लष्कर शिरलं. आमच्या किल्ल्यावर दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे. जहांगीराने गुरू हरगोबिंदांना त्या किल्ल्यात कैद केलं होतं आणि ५२ राजांना सोबत घेऊनच ते बाहेर पडले अशी कथा. त्यामुळे पंजाब आम्हाला लांब वाटत नव्हता. ३१ ऑक्टोबरला शाळा दुपारी सुटली. बीबीसी हिंदीने इंदिराजी गेल्याचं दुपारीच सांगितलं. आजोबा म्हणाले, आकाशवाणी सांगेल तेव्हाच खरं. आकाशवाणीने संध्याकाळी सांगितलं. मग ते उठून आतल्या खोलीत गेले आणि रात्री जेवले नाहीत. काँग्रेसला त्यांनी जन्मभर शिव्याच घातल्या होत्या, तरी.

पुढचे दिवस वाईट होते. शीखविरोधी दंगलीत दिल्लीतले मृत्यूच सरकारी आकड्याने २,७३३. गाड्यांतून शीख प्रवाशांना ओढून मारल्याच्या बातम्या येत होत्या आणि दिल्लीहून दक्षिणेकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्या ग्वाल्हेरवरूनच पुढे जायच्या. वडिलांच्या ऑफिसातले एक सरदारजी सहकुटुंब काही दिवस आमच्या मागच्या खोलीत राहिले. आईने त्यांच्या मुलीला आपलं पोलकं आणि साडी नेसवून ठेवलं होतं. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, कुणी तोंड उघडलं नाही. याची फुशारकी मारण्यासारखं काही नाही. त्यांना लपावं लागलं, हीच लाज.

ते सावरतोय तोवर भोपाळ. काका तिथे बीएचईएल या सरकारी कारखान्यात, राहायला बरखेडा वसाहतीत. २ डिसेंबरच्या रात्री विषारी वायू सुटला आणि दुसऱ्या दिवशी वडील सरळ स्टेशनवर जाऊन उभे राहिले. भोपाळकडून येणाऱ्या गाडीतल्या लोकांना विचारत होते, बरखेड्याकडे काय स्थिती आहे. ट्रंककॉल लागत नव्हता. तार तिसऱ्या दिवशी आली, सुखरूप अशी. युनियन कार्बाइडचा कारखाना शहराच्या उत्तरेला आणि बीएचईएलच्या वसाहती पूर्वेला, म्हणून ते वाचले. जुन्या भोपाळातली कितीतरी माणसं झोपेतच गेली. कार्बाइडचा अध्यक्ष अँडरसन याला ७ तारखेला अटक झाली आणि त्याच दिवशी सोडूनही दिलं, याचा राग आमच्या गल्लीत अजूनही निघतो.

मग सरकारने जाहीर केलं की टाकीत उरलेलं रसायन १६ डिसेंबरपासून कारखाना पुन्हा चालवूनच संपवणार. ‘ऑपरेशन फेथ’ असं त्याचं नाव. लोकांनी जेवढा विश्वास ठेवायचा तेवढा ठेवला, म्हणजे वळकट्या बांधून स्टेशन गाठलं. काकांचं अख्खं घर आमच्याकडे. काकू आठ दिवस पाणी हुंगून प्यायची.

आणि या भरल्या घरात निवडणूक आली. खरं सांगायचं तर त्या वर्षी ग्वाल्हेरच्या मराठी घरांत सगळ्यात जास्त शब्द खर्ची पडले ते हिच्यावर. भाजपचे उमेदवार अटलबिहारी वाजपेयी. जन्म शिंदे की छावनीतला, शिक्षण इथल्याच व्हिक्टोरिया कॉलेजात, आणि १९७१ साली राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या पाठिंब्याने इथूनच खासदार झालेले. राजमातांचे चिरंजीव, आमचे महाराज माधवराव शिंदे तोवर गुण्याहून निवडून येत होते. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी काँग्रेसने त्यांना ग्वाल्हेरातून उभं केलं. अटलजींना दुसरीकडे जायला वेळच उरला नाही. राजमाता भाजपमध्ये, मुलगा काँग्रेसमध्ये. आता आम्ही काय करायचं?

बाहेरच्यांना ही नुसती लढत वाटते. आमच्याकडे मात्र अशी घरं होती की दिवाणखान्यात माधवरावांचे वडील जिवाजीराव महाराजांची तसबीर आणि मुलगा रोज सकाळी शाखेत. सरदार घराण्यांचे जुने मानपान होते, दसऱ्याला पागोटं घालून राजवाड्यावर जाणारे होते. आमचे आजोबा दोन्हीकडचे. शेजारच्या वाड्यात सख्खे भाऊ महिनाभर बोलत नव्हते आणि दोघांच्या बायका मधल्या भिंतीवरून वाटीवाटीने साखर देतघेत होत्या. २५ डिसेंबरला अटलजींना साठ पूर्ण झाली, ती निवडणुकीच्या धामधुमीतच.

ते जवळजवळ पावणेदोन लाख मतांनी पडले. देशात काँग्रेसला ४०० च्या वर जागा, भाजपला फक्त २. सहानुभूतीची लाट होती म्हणून सगळं झालं, असं लोक म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. लाटेने अटलजी पडलेच असते, पण एवढ्या फरकाने पाडायला राजवाडाच लागला. "महाराज उभे असताना दुसऱ्याला मत?" हे वाक्य मी भाजीवाल्यापासून वकिलापर्यंत ऐकलंय, आणि म्हणणाऱ्यांत अटलजींच्या सभेला तुडुंब गर्दी करणारेही होते.

आजोबांनी मत कुणाला दिलं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. आजीने मला सांगितलं होतं, पण नातेवाईक इथे वाचतात, तेव्हा ते राहू द्या.