आधी विसार परत मागा, फ्लॅटचं नंतर बघू

प्रश्न : मी ४७ वर्षांचा, पत्नी ४४ची, मुलगी अकरावीत. ठाण्यात राहतो. लोकलमध्ये रोज तीन तास जातात, पत्नीचा दमा वाढत चाललाय. मुलीची बारावी झाली की नोकरी सोडून दापोली तालुक्यात कायमचं राहायला जायचंय. तिथे ५० हजारांत महिना भागेल. ऑनलाइन हिशेबाच्या कामांचे २५ हजार मिळतील. २० गुंठ्यांचा ‘फार्म प्लॉट’ १६ लाखांना ठरवलाय, ५ लाख विसार दिलाय. पाचव्या वर्षापासून आंब्याचे वर्षाला ३ लाख सुटतील, असं विकासक म्हणतो. आम्ही शेतकरी नाही, पण दाखला तो मिळवून देणार आहे. ठाण्याचा फ्लॅट २०१०मध्ये ४० लाखांना घेतला, आज १ कोटी २० लाख येतील. कर्ज १८ लाख उरलंय, हप्ता २७ हजार. फ्लॅट विकू की भाड्याने देऊ?

उत्तर : फ्लॅट विकू नका. भाड्याने द्या. २५-२६ हजार भाडं आलं तरी हप्ता जवळजवळ निघतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य दाखल्याचं आहे, आणि त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही.

महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. १९४८च्या कुळकायद्याचं कलम ६३ तेच सांगतं. ‘फार्म प्लॉट’ असा जमिनीचा कुठलाही प्रकार सातबाऱ्यावर नसतो. जमीन एक तर शेतीची असते, नाही तर बिनशेती झालेली. खोट्या दाखल्यावर खरेदीखत नोंदवलं गेलं तरी व्यवहार बेकायदाच राहतो. चौकशीत तो अवैध ठरला तर जमीन सरकारजमा होऊ शकते, आणि खोटा दाखला वापरला म्हणून फौजदारी तुमच्यावर येते. विकासक तोवर पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. ‘दाखल्याचं आम्ही बघतो’ म्हणणाऱ्या माणसाकडून जमीन घेऊच नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

आता आंबा. हापूसची कलमं पारंपरिक पद्धतीने १० बाय १० मीटरवर लावतात, म्हणजे हेक्टरी १००. तुमच्या २० गुंठ्यांत बसतात २०. वर्षाला ३ लाख म्हणजे झाडामागे १५ हजार, तेही फवारणी, राखण, मजुरी वजा जाऊन! कलम पाचव्या वर्षी फळ धरू लागतं, भरात यायला आणखी काही वर्षं जातात. हापूस एक वर्ष चांगला येतो, दुसऱ्या वर्षी हात आखडतो. वर अवकाळी आणि फुलकिडे आहेतच. दाट लागवड केली तरी हे गणित जमत नाही. तुमच्या नियोजनात आंब्याचं उत्पन्न शून्य लिहा.

तसं लिहिलं की काय दिसतं बघा. समजा फ्लॅट विकला. त्याचे १२० लाख, त्यातून कर्जाचे १८ गेले, राहिले १०२. २०१०च्या खरेदीला महागाईचा निर्देशांक लावून उरलेल्या नफ्यावर २० टक्क्यांनी कर साधारण ६ लाख येतो. राहत्या घरात पैसे गुंतवले तर तो वाचतो, पण नुसती शेतजमीन घेऊन वाचत नाही, आणि या जमिनीवर रीतसर घर होईल का हाच प्रश्न आहे. म्हणून कर धरूनच चला : ९६. त्यातून प्लॉटचे उरलेले ११ द्यायचे, घर बांधायला अंदाजे ३५ आणि मुलीच्या शिक्षणाला १२ धरा. हातात ३८ लाख. खर्च ५० हजार, कमाई २५ हजार, म्हणजे वर्षाला ३ लाखांचा खड्डा. नेमके तेवढेच ३ लाख विकासकाने तुम्हाला आंब्यातून दाखवलेत. महागाई धरली तर व्याजासकट हे पैसे तुमच्या साठीच्या आसपास संपतील. आणि ही २५ हजारांची कमाई अजून सुरूही झालेली नाही.

तुमचं जाण्याचं कारण मला मनापासून पटतं. दम्याच्या माणसाला मोकळी हवा मिळणं आणि रोजचे तीन तास परत मिळणं याला किंमत आहे. पण त्यासाठी जमीन विकत घेणं गरजेचं नाही. दापोलीत किंवा जवळच्या गावात घर भाड्याने घ्या आणि वर्षभर राहा, पावसाळ्यासकट. कोकणात चार महिने भिंतींना ओल असते आणि ओल-बुरशी दम्याला वाईट. पत्नीला तिथे खरंच बरं वाटतं का, हे एका पावसाळ्यात कळेल. वीज आणि इंटरनेट तुमच्या कामाला पुरतात का, तेही तेव्हाच कळेल. मानवलं तर गावठाणातलं घर किंवा कागद तपासलेला बिनशेती प्लॉट घ्या, आणि फ्लॅट विकायचा का ते तेव्हा ठरवा.

नोकरी सोडण्यापूर्वी आणखी एक काम करा. पत्रात आरोग्यविम्याचा उल्लेख नाही, म्हणजे बहुधा कंपनीचाच असेल आणि तो राजीनाम्याबरोबर जाईल. तिघांसाठी स्वतःची पॉलिसी आजच घ्या, अर्जात दमा लिहा. आधीच्या आजाराचा खर्च विम्यातून मिळायला ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि तो काळ नोकरीत असतानाच सुरू झालेला बरा.

विसारपावती या आठवड्यात वकिलाला दाखवा. विकासकाला एक पैसाही आणखी देऊ नका, कोऱ्या कागदावर सही करू नका, आणि ५ लाख परत मागणारं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. तो ‘विसार बुडेल’ म्हणून घाबरवेल. बुडालाच तर ५ लाख जातील. पुढे गेलात तर १६ लाख आणि वर कोर्टकचेरी.