अ‍ॅथलीट, इनाम आणि पैलवान

गंगाखेडहून विचारणा आली आहे: तालुका स्पर्धेत निवेदक कबड्डीच्या पोरांनाही 'अ‍ॅथलीट' म्हणत होते, ते बरोबर का? आणि पहिलवान म्हणजे 'पहिला येणारा' असं एका व्याख्यानात ऐकलं, ते खरं का?

आधी उच्चार. 'अ‍ॅथेलेट' नव्हे, अ‍ॅथलीट. 'थ'नंतर स्वर नाही. माइकवरून हा जादाचा 'ए' ऐकून कान किटले. वापराचं म्हणाल तर इंग्लंडात धावणारा, उड्या मारणारा, गोळा-भाला फेकणारा तो अ‍ॅथलीट. अमेरिकेत कुठलाही खेळाडू. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीचं, रौप्य आणणारा, दोन्हीकडे बसतो. कबड्डीची पोरं फक्त अमेरिकेत.

पण मूळ बघा! ग्रीक 'आथ्लोन' म्हणजे इनाम. 'आथ्लेतेस' म्हणजे इनामासाठी उतरणारा. ताकदीचा, वेगाचा, कमावलेल्या अंगाचा या शब्दात मागमूस नाही. म्हणून अ‍ॅथलीटला 'व्यायामपटू' म्हणणारे मला पटत नाहीत. व्यायाम घरीही होतो, इनामाला फड लागतो. होमरच्या 'इलियड' या ग्रीक महाकाव्यात कुस्तीआधी इनाम मांडतात: जिंकेल त्याला विस्तवावर ठेवायचं मोठं तिपायी भांडं, मोल १२ बैल. जत्रेत वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आपण 'नारळाची कुस्ती' म्हणतो, 'शंभराची कुस्ती' म्हणतो, 'कड्याची कुस्ती' म्हणतो. पंच नोट वर धरून फडभर फिरतो, जोड कोणाची ते मागून कळतं. कुस्तीला नाव इनामाचं. ग्रीकांनी तेच नाव माणसाला दिलं.

आता पहिलवान. 'पहिला येणारा' ही व्युत्पत्ती साफ चूक आहे, व्याख्याते कितीही मोठे असोत. शब्द फारसी, 'पहलवान'. त्यातलं 'पहलव' म्हणजे पार्थियन, इराणातले लढवय्ये. आपल्या जुन्या ग्रंथांत हेच पह्लव. नाशिकच्या लेण्यातल्या लेखात पैठणच्या गौतमीपुत्र सातकर्णीला शक, यवन आणि पह्लवांचा संहार करणारा म्हटलंय. ज्यांना पैठणच्या राजाने मोडलं, त्यांचं नाव आज पैठणच्या तालमीतलं पोरगं मिरवतं! 'पहिलवान'मधला 'ह' तिथला आहे, पहिल्या नंबराचा नाही.