बेटावरची वाळू जाते कुठे?

प्रश्न : नदी नसलेल्या लहान बेटावर पुळण एका हंगामात निम्मी होते, पुढच्या हंगामात भरते. वाळू मुळातच कमी असताना असे का होते? आणि खरी धूप ओळखायची कशी?

उत्तर : नदीचा गाळ नसेल तर वाळूचा साठा जवळजवळ बंदिस्त असतो. भर पडते ती प्रवाळ, शिंपले आणि सूक्ष्म जीवांची कवचे झिजून, तीही फार सावकाश. त्यामुळे डोळ्यांना दिसतो तो बदल बहुतेक वेळा त्याच वाळूच्या हलवाहलवीचा असतो. मालदीवमध्ये नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात ती बेटाच्या पूर्व बाजूला जमते, वारे फिरले की पश्चिमेला परतते.

वाळू हलवतात लाटा. पण किती जोराने आणि किती उंचीवर, हे भरती ठरवते. प्रवाळखडकाने वेढलेल्या बेटावर मोठी लाट खडकाच्या कडेलाच फुटते. उथळ खडपीवरून, म्हणजे कडा आणि काठ यांच्यामधल्या सपाट खडकावरून, पुढे येणारी लाट पाण्याच्या खोलीच्या साधारण निम्म्याइतकीच उंच राहते. खडपीवर अर्धा मीटर पाणी असेल तर पाव मीटरची लाट, उधाणात दीड मीटर झाले की पाऊण मीटरची. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे तिप्पट उंचीला नऊपट मार! ओहोटीत येऊन गेलेले वादळ म्हणूनच फारसे जाणवत नाही. तेच अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला आले तर पाणी पुळणीच्या माथ्यावर चढते. खडकाची कडा ओलांडून खोल पाण्यात पडलेली वाळू मात्र परत येत नाही.

वादळ नेहमी नेतेच असेही नाही. पॅसिफिक महासागरातल्या तुवालू देशाच्या फुनाफुटी या प्रवाळबेटावर ऑक्टोबर १९७२ मधल्या बेबे चक्रीवादळाने प्रवाळाच्या तुकड्यांचा सुमारे १९ किलोमीटर लांबीचा बांध रचून ठेवला.

खरी धूप ओळखायची तर पुळणीचा उतार मोजायला हवा. त्याला खुणा केलेल्या, दीड-दीड मीटरच्या दोन काठ्या पुरतात. पक्क्या खडकापासून किंवा भिंतीच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. उतारावर दोन्ही काठ्या दीड मीटर अंतरावर उभ्या धरा. समुद्राकडच्या काठीचा माथा आणि क्षितिज एका रेषेत आणा. ती रेषा मागच्या काठीला माथ्यापासून जितकी खाली छेदेल, तितका उतार. असेच पाण्यापर्यंत जा. ओल्या वाळूत काठी रुतते आणि सगळे आकडे फसतात, म्हणून बुडाला चपटी फळी लावा. बेटाच्या सगळ्या बाजू मोजा, आणि तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी, तशाच उधाणाच्या ओहोटीशी करा. वेगवेगळ्या भरतीचे फोटो शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष कामाचा नाही.

प्रश्न : काठापासून समुद्रात शिरणारा दगडी बांध घातला तर वाळू टिकेल का?

उत्तर : बांधाच्या एका बाजूला टिकेल, पलीकडे तितकीच तुटेल, हंगामी परतीची वाटही अडेल. काठाला समांतर भिंत बांधली तर लाट तिच्यावर आपटून परतते आणि पायथ्याची वाळू उकरून नेते. वाळू बाहेरून आणून टाकायची असेल तर मूळ कणांइतकी किंवा किंचित जाड घ्या. बारीक वाळू पहिल्या मोठ्या उधाणातच वाहून जाण्याची शक्यता असते.