बाईकच्या इंजिनच्या वरच्या भागातून टकटक येतीये म्हणून लगेच हेड (सिलिंडरवरचा भाग, ज्यात व्हॉल्व्ह बसतात) खोलू नकोस
भावा, आधी ऑईल बघ, गाडी सरळ उभी करून, साइड स्टँडवर नाही. मग इंजिन चालू ठेवून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेड कव्हरला टेकव आणि मूठ कानामागच्या हाडाला, एकेक जागा फिरव, आवाज कुठून येतोय ते चक्क कळतं. बारीक एकसारखी टिकटिक म्हणजे टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप जिथे लावतात तो भाग), ती आरपीएमच्या (इंजिनचे मिनिटाचे फेरे) निम्म्यानेच येते कारण कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो. बाजूने खरखर असेल तर टायमिंग चेन (क्रँकवरून कॅम फिरवणारी) नाहीतर तिला ताणून धरणारा टेन्शनर. आणि थंड इंजिनला फटफट, तापल्यावर गायब, तर सायलेन्सर बेंडचं गॅस्केट बघ, मी यात दोन रविवार टॅपेट उघडबंद करत घालवलेत, घरचे अजून हसतात.

टॅपेट स्क्रूवाले असतील तरच स्वतः कर, शिमवालं, म्हणजे पातळ चकत्या बदलून गॅप लावायचं, काम मेकॅनिकला दे. इंजिन रात्रभर थंड झालेलं, पिस्टन टीडीसीला, म्हणजे एकदम वर, पण कॉम्प्रेशन स्ट्रोकचा (तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात), दोन्ही रॉकर हाताने किंचित हलले पाहिजेत. गॅप मॅन्युअलमधलाच, फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) हलकं अडत सरकलं पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू धरून ठेव आणि परत माप, गॅप तिथेच बिघडतो. गाडी एकदम गप्प हवी म्हणून गॅप टाईट केलास तर लडाखच्या वाटेवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जाळून बसशील.